सायरन: पक्षीण, मासोळी की मिलचा भोंगा?

मिलपोऱ्या
मंडळी, ऑफिसात डबा खाताना वाद झाला, तो इथे आणून टाकतोय. आमच्यातल्या एकाने छातीठोकपणे सांगितलं की ग्रीक पुराणात सायरन नावाच्या बाया होत्या. त्या गाऊन खलाशांना भुलवायच्या आणि जहाजं खडकावर आपटायची. म्हणजे सायरन म्हणजे धोका, म्हणून धोक्याच्या भोंग्यालाही सायरन. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला काही ते पटेना. त्या बाया गायच्या ते धोका कळू नये म्हणून, आणि भोंगा वाजतो तो धोका कळावा म्हणून. तिचं ऐकलं तर मेलात, याचं नाही ऐकलं तर मेलात. असं उलटं बारसं कोण करेल?

दुसरं कारण घरचं. मी इंदूरच्या परदेशीपुऱ्यात वाढलो, वडील हुकुमचंद या कापडमिलमध्ये होते. घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते लावायचं भोंग्यावरून. "पहिला भोंगा झाला, डबा भरला का?" हे आईचं वाक्य गल्लीतल्या प्रत्येक घरात ऐकू यायचं. शेजारचे हिंदीवालेही भोंगाच म्हणत. 'सायरन' हा शब्द फक्त १९७१च्या लढाईच्या आणि ब्लॅकआऊटच्या गोष्टींत यायचा. मग भोंगा आणि सायरन एकच की वेगळे? पोथीनिष्ठ आणि तात्या, दोघांनी कृपया हजर व्हावं.

रामबागी
भिया, मंगळवारी सकाळी सकाळी ग्रीस? पोहे तरी होऊ द्यायचे.

(वाचतोय. जागा धरून ठेवली.)

पोथीनिष्ठ
हजर. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मूळ शब्द ग्रीक, उच्चार साधारण 'सेइरेन'. सर्वांत जुनी सविस्तर गोष्ट होमरच्या ओडिसीत, बाराव्या सर्गात आहे. ट्रॉयच्या युद्धावरून घरी निघालेल्या ओडिसियसला किर्के ही जादूगारीण आधीच बजावते की वाटेत सायरनांचं बेट लागेल, त्या कुरणात बसून गातात आणि भोवती माणसांच्या हाडांचा ढीग आहे. उपाय असा: खलाशांच्या कानांत मेण घाल, आणि तुला ऐकायचंच असेल तर स्वतःला डोलकाठीला बांधून घे. तो तसंच करतो. गाणं ऐकून 'सोडा मला' म्हणून खुणावतो, तर खलाशी आणखी दोन वेढे आवळतात.

आता तीन गोष्टी, ज्या ऑफिसातल्या चर्चेत येत नाहीत.

पहिली: होमर त्यांचं रूप सांगतच नाही. सुंदर म्हणत नाही, शेपटी नाही, पंख नाहीत. फक्त आवाज. त्या किती, हेही व्याकरणावरून काढावं लागतं. ग्रीकमध्ये संस्कृतसारखं द्विवचन आहे आणि होमरने ते वापरलंय, म्हणून दोन. पुढच्या कवींनी तीन केल्या, नावंही दिली.

दुसरी: त्या ओडिसियसला आपल्या रूपाची किंवा शय्येची लालूच दाखवत नाहीत. त्या म्हणतात, ट्रॉयमध्ये काय काय घडलं ते आम्हाला माहीत आहे, पृथ्वीवर जे जे घडतं तेही माहीत आहे. ऐकून शहाणा होऊन जा. आमिष ज्ञानाचं आहे! युद्ध करून थकलेल्या माणसाला त्याचीच गोष्ट ऐकवायचं आमिष. 'मोहिनी' वगैरे रंग नंतरच्यांनी भरला.

तिसरी: ग्रीक चित्रांत आणि शिल्पांत सायरन म्हणजे पक्षी. धड पक्ष्याचं, डोकं बाईचं. ब्रिटिश म्युझियममध्ये एक प्रसिद्ध रंगवलेलं भांडं आहे, इ.स.पू. ४८०च्या आसपासचं, इटलीत वुल्चीला सापडलेलं. त्यावर ओडिसियस डोलकाठीला बांधलेला आहे आणि वर एक सायरन कड्यावरून डोकं खाली करून कोसळतेय. नंतरची एक कथा अशी की कोणी ऐकून सहीसलामत निघून गेला तर सायरनांनी मरायचं.

याच पक्षिणी अथेन्सच्या स्मशानात कबरींवर बसवलेल्या सापडतात. छाती पिटून शोक करणाऱ्या, कुठे हातात वाद्य घेतलेल्या. ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या नाटकात हेलन त्यांना आपल्या विलापात साथ द्यायला बोलावते. म्हणजे निव्वळ चेटकिणी नव्हेत; मेलेल्याच्या वाटेवर सोबत करणाऱ्याही. प्लेटोने तर थेट आकाशात नेलं. 'रिपब्लिक'च्या शेवटच्या भागात विश्वाच्या आठ वर्तुळांवर आठ सायरन बसल्या आहेत, प्रत्येकीचा एकच स्वर आणि आठ मिळून एक सुसंवाद.

व्युत्पत्तीबद्दल: ग्रीकमध्ये 'सेइरा' म्हणजे दोर, त्यावरून 'बांधून टाकणारी' असं लावतात. दोराची गोष्ट असल्याने हे फार छान बसतं, आणि नेमकं म्हणूनच मला संशय येतो. दुसरा पक्ष हिब्रूतल्या 'शीर' म्हणजे गाणं, याकडे बोट दाखवतो. बीक्स या डच भाषाशास्त्रज्ञाच्या मते शब्द ग्रीकांच्याही आधीच्या तिथल्या कुठल्या तरी भाषेतला असावा. मला हे तिसरं मत सर्वांत प्रामाणिक वाटतं.

भोंग्याचं काय ते तात्या सांगतील.

छावणीवाली
काका, पक्षी?? मग ती स्टारबक्सच्या कॉफीच्या कपावरची दोन शेपट्यांवाली कोण? आणि आमच्या पिढीत 'सायरन आईज' म्हणजे काजळ बाहेर ओढून डोळे अरुंद, टोकदार करायचे. उलट प्रकार 'डो आईज', हरणासारखे गोल. म्हणजे होमरने जिचं तोंडच दाखवलं नाही तिच्या डोळ्यांचा मेकअप आम्ही करून राहिलोय. भारीच.

पोथीनिष्ठ
@छावणीवाली, करून राहा, पण फोटो टाकू नकोस, रामबागी इथेच आहे.

शेपटीचं असं: युरोपात सातव्या-आठव्या शतकाच्या सुमाराला राक्षस आणि अद्भुत प्राण्यांवरचा एक लॅटिन ग्रंथ झाला, 'लिबेर मोन्स्त्रोरुम'. त्यात सायरन ही कमरेपर्यंत मुलगी आणि खाली खवल्यांची माशाची शेपटी, असं स्वच्छ लिहिलंय. पुढे काही शतकं दोन्ही रूपं सोबत नांदली. काही हस्तलिखितांत तर चित्रकाराने कोणालाच नाराज न करता पंख, पक्ष्याचे पाय आणि शेपटी असं सगळंच दिलंय. शेवटी मासोळी जिंकली. फ्रेंच 'सिरेन', स्पॅनिश-इटालियन 'सिरेना' यांचा आज पहिला अर्थ मत्स्यकन्या हाच. इंग्रजीत मत्स्यकन्येला 'मरमेड' हा वेगळा शब्द असल्याने 'सायरन'ला तिकडे भुलवणाऱ्या बाईचं काम उरलं. स्टारबक्सवाली ही जुन्या लाकडी ठशाच्या चित्रावरून घेतलेली दोन शेपट्यांची सायरन आहे.

मधली एक गंमत राहिली. जेरोमने केलेल्या बायबलच्या लॅटिन भाषांतरात, यशया या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात उजाड बाबिलोनचं वर्णन आहे, तिथे पडक्या महालांत 'सिरेनेस' राहतील म्हटलंय. मूळ हिब्रूत तिथे 'तन्नीम' आहे, म्हणजे कोल्ह्यांसारखं ओसाडीत ओरडणारं जनावर. रात्री हुकी देणारा कोल्हा भाषांतरात सायरन झाला!

खानदेशी_आत्या
पोथीनिष्ठ, तुमच्या ग्रीक बाया वाचून मला आमच्या साती आसरा आठवल्या. माहेरी तापीकाठी शेंदूर लावलेले सात दगड असायचे, जवळ म्हसोबा. भर दुपारी डोहाकडे जायचं नाही, आसरा धरतात. कोणी बुडालं की 'आसरांनी नेलं'. अप्सरा या शब्दाचंच ते रूप आहे असं वाचलंय. अप्सराही मुळात पाण्यातल्याच ना? इंद्राच्या दरबारातली नाचणारी एका टोकाला आणि आमच्या डोहातली ओढून नेणारी दुसऱ्या टोकाला.

पण आसरा गातात असं मी कधी ऐकलं नाही. त्या न बोलता ओढतात.

पोथीनिष्ठ
@आत्या, फार नेमकं. 'अप्' म्हणजे पाणी, त्यावरूनच अप्सरस् लावतात. मात्र सायरन आणि अप्सरा यांचं भाषिक नातं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या कोणी तरी 'ग्रीकांनी आपल्याकडूनच चोरलं' असा धागा काढेल.

रूपाने जवळचे म्हणाल तर किन्नर. अजिंठ्याच्या भिंतींवर माणसाचं धड आणि पक्ष्याचे पाय असलेले किन्नर आहेत, हातात वाद्य. गाणारे, अर्धे पक्षी, पण खलाशांच्या मुळावर उठलेले नाहीत. आणि आपल्या इंदूरच्या हिंदी पेपरात आज 'किन्नर' शब्द कोणासाठी येतो ते माहीतच आहे. शब्दांची घरं बदलतात ती अशी, आणि भाडेकरूला कोणी विचारत नाही.

सेवेत_तत्पर
ग्रीक, हिब्रू, अजिंठा झालं. आता माझा मुद्दा. आपल्याकडे सायरन नसतोच, असतो हूटर. कुठल्याशा मंडळाच्या उपाध्यक्षाच्या मेहुण्याची गाडी पलासियाच्या सिग्नलला मागे उभी राहून हूं हूं हूं करते, ती सायरन की बाई की मासा? व्हीआयपी गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ पासून गेले, हूटर मात्र मेला नाही. कायद्याने बहुस्वरी भोंगा ॲम्ब्युलन्स, अग्निशमन, पोलीस अशा मोजक्या गाड्यांनाच. बाकीच्यांचे पोलीस अधूनमधून उतरवतात, आठवड्यात परत चढतात.

रामबागी
+१ आणि शिवाय हूट करतं ते घुबड. म्हणजे परत पक्षीच आला. पोथीनिष्ठांचा विजय असो.

तारांगण_तात्या
उशीर झाला, नातवाची परीक्षा होती. मिलपोऱ्या, तुझा संशय रास्त आहे. भोंग्याला ते नाव धोक्यावरून पडलेलं नाही. ते पडलं पाण्यावरून, आणि पडलं तेव्हा तो भोंगा नव्हताच. ते मोजायचं यंत्र होतं.

अठराव्या शतकाच्या अखेरीला एडिंबराच्या जॉन रॉबिसनने एक तोटी केली. ती भराभर उघडझाप करून हवेचा झोत तोडायची. झोत पुरेसा जलद तोडला की आवाजाचे ठोके वेगळे न राहता सलग सूर होतो. त्याने याला सायरन म्हटलं नव्हतं.

मग १८१९ साली पॅरिसमध्ये शार्ल कान्यार द ला तूर नावाच्या माणसाने याची सुधारलेली आवृत्ती केली. एक स्थिर तबकडी, तिच्यावर दुसरी फिरती तबकडी, दोन्हींना गोलाकार ओळीत भोकं. खालून हवा सोडायची. भोकासमोर भोक आलं की हवा सुटते, पुढे सरकलं की अडते. अक्कल अशी की दोन्ही तबकड्यांची भोकं तिरपी, एकमेकींच्या उलट दिशेने कलती. त्यामुळे हवेच्या झोतानेच वरची तबकडी फिरते, वेगळी मोटर लागत नाही. वर फेरे मोजणारं चक्र बसवलेलं. भोकांची संख्या गुणिले सेकंदाचे फेरे, की तुम्हाला सुराची कंपनसंख्या मिळाली. त्या काळी हा षड्ज सेकंदाला किती कंपनांचा हे आकड्यात सांगणं सोपं काम नव्हतं. त्याच्या निबंधाच्या शीर्षकातच आहे की हे यंत्र हवेची कंपनं मोजण्यासाठी आहे.

आता नाव. त्याच्या लक्षात आलं की हवेऐवजी पाणी सोडलं, आणि अख्खं यंत्र पाण्यात बुडवलं, तरी ते वाजतं. पाण्यात गाणारी, म्हणून 'सिरेन'. पोथीनिष्ठांनी वर सांगितलंच की फ्रेंच माणसाच्या डोक्यात सिरेन म्हणजे मत्स्यकन्या. तो ना खलाशी बुडवायचं म्हणत होता, ना कोणाला सावध करायचं. प्रयोगशाळेत टेबलावर ठेवायचं नाजूक पितळी खेळणं होतं ते.

हा कान्यार माणूसही कानाचा पक्का. द्रवाचा 'क्रांतिक बिंदू' म्हणतात, म्हणजे ज्याच्या पुढे द्रव आणि वाफ यांत फरक उरत नाही, तो त्यानेच १८२२ मध्ये दाखवला. बंदुकीच्या नळीत द्रव आणि एक गोळी बंद करून तो तापवायचा, नळी हलवायचा आणि गोळी द्रवातून जाताना जो आवाज येतो तो एका तापमानाला कसा नाहीसा होतो ते ऐकायचा.

पुढे हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दुहेरी सायरन करून स्वरसंवादाचे प्रयोग केले. तोवर हे शास्त्रज्ञांचंच. मग १८६०च्या दशकात अमेरिकन दीपगृहांवर धुक्यात जहाजांना इशारा द्यायला वाफेवरचे मोठे सायरन आले, आणि १८७३ मध्ये इंग्लंडात टिंडल या शास्त्रज्ञाने साउथ फोरलंडच्या किनाऱ्यावर तोफा, शिट्या, कर्णे आणि सायरन यांची समुद्रावर कोण लांबवर ऐकू येतो अशी परीक्षा घेतली. सायरन उत्तम ठरला.

इथे थांबून बघ. खलाशांना खडकाकडे ओढणारीचं नाव, आणि काम खलाशांना खडकापासून हाकलायचं. ही उलटापालट कोणी ठरवून केली नाही. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या प्रयोगशाळेच्या मुक्कामात मूळ अर्थ गळून गेला होता. दीपगृहावरून तो कारखान्यात, अग्निशमनात आणि शेवटी विमानहल्ल्याच्या इशाऱ्यात गेला. तुझ्या ऑफिसातला गृहस्थ शेवटचं पान वाचून पहिलं पान सांगतोय.

मिलपोऱ्या
तात्या, दंडवत. उद्या डब्याबरोबर हे छापून नेतो.

पण मग आमचा भोंगा?

तारांगण_तात्या
मिलचा जुना भोंगा बॉयलरच्या वाफेवरचा असेल तर शास्त्राप्रमाणे तो शिटी आहे, सायरन नव्हे. शिटीत वाफ एका धारेवर आपटते आणि घुमटीतली हवा कंप पावते, बासरीच्या जातीचं. सायरनमध्ये झोत कापला जातो. ओळखायची खूण: शिटी चटकन आपल्या सुरावर येते. सायरन खालून वर चढतो, कारण तबकडीला वेग घ्यायला वेळ लागतो. विमानहल्ल्याचा तो वर-खाली होणारा आक्रोश म्हणजे दोन वेगळे सूर नव्हेत, मोटरची वीज चालू-बंद केल्याने तिला लागलेली धाप आहे. इशारा वर-खाली आणि 'संकट टळलं' एकसुरी सलग, हा संकेत त्यातूनच सोयीचा झाला.

मिलपोऱ्या
आमचा एकदम भों करून सुरू व्हायचा. म्हणजे शिटी.

नंदानगर_जुने
नाही हो. माझ्या आठवणीत चढत जायचा. आणि नुसता हुकुमचंदचाच नव्हे. मालवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, प्रत्येकाचा निराळा होता. आमची आजी चुलीपुढे बसून सांगायची, हा मालवा, हा राजकुमार. काही मिलांनी नंतर विजेचे बसवले असतील.

मला तात्यांचं सगळं मान्य, पण एक म्हणायचंय. तुम्ही म्हणता सायरन हाकलतो. मिलचा भोंगा हाकलायचा नाही, ओढायचा. भोंगा झाला की गल्ल्यांतून सायकली निघायच्या त्या सगळ्या एका दिशेला. ताप असला तरी माणूस उठायचा. ग्रीक बाईचं खरं काम आमच्या भोंग्यानेच केलं म्हणा ना. मिल बंद पडल्यावर हुकुमचंदच्या कामगारांना थकबाकी मिळायला २०२३चा डिसेंबर उजाडला, तोवर कितीतरी जण गेले होते. कानात मेण घालायला सांगणारं कोणी भेटलं नाही.

खानदेशी_आत्या
नंदानगर, हे वाचून गप्पच झाले.

सेवेत_तत्पर
असहमत. मिलने बुडवलं, भोंग्याने नव्हे. त्याच भोंग्यावर परदेशीपुरा उभा राहिला, मुलं शिकली, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) निघाल्या. आजही निघतात, मिलच्या नावाने. आवाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

नंदानगर_जुने
@सेवेत_तत्पर, झांकीच्या वर्गणीत माझ्या वडिलांच्या पगारातलेही पैसे असायचे. तेव्हा तेवढं मला माहीत आहे. मी आरोप नाही केला, शब्दाचा अर्थ लावला.

संपादक
मंडळी, मिलच्या हिशेबाचा वेगळा धागा आहे, तिकडे जरूर लिहा. तसंच 'भोंगा' शब्द आलाय म्हणून महाराष्ट्रातल्या भोंग्यांचं राजकारण इथे आणलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. शब्दावर बोला.

बडोद्याची_लेक
इंदूरची माहेरवाशीण, सासर बडोदा, प्राणिशास्त्र शिकलेली, म्हणून माझी भर.

मत्स्यकन्येच्या बाजूने एक खरंखुरं जनावर आहे. डुगाँग आणि मॅनेटी या पाण्यातल्या सस्तन प्राण्यांच्या गणाला 'सायरेनिया' म्हणतात, इलिगरने १८११ मध्ये दिलेलं नाव. कोलंबसच्या रोजनिशीत ९ जानेवारी १४९३ला नोंद आहे, की आदल्या दिवशी त्याने कॅरिबियनमधल्या हिस्पॅनिओला बेटाजवळ तीन 'सिरेना' पाण्यातून वर आलेल्या पाहिल्या. तो म्हणतो, चित्रांत दाखवतात तितक्या काही त्या सुंदर नव्हत्या, चेहरा मात्र थोडा माणसासारखा होता. मूळ रोजनिशी आज नाही, लास कासास या धर्मगुरूने केलेल्या गोषवाऱ्यातून हे कळतं. बहुधा मॅनेटी असाव्यात. बिचाऱ्या! समुद्रातलं गवत खाणारं जनावर, ओठ जाड, मिशा राठ. पण पुढच्या परांच्या बगलेत स्तन असतात आणि पिल्लू तिथेच पितं, म्हणून खलाशांना बाई दिसली असेल.

भारतात डुगाँग कच्छच्या आखातात, मन्नारच्या आखातात, पाल्कच्या सामुद्रधुनीत आणि अंदमानला आहेत, फार थोडे उरलेत. जमिनीवरचे त्यांचे जवळचे नातेवाईक कोण? हत्ती. मासे नव्हेतच ते, श्वास घ्यायला वर यावंच लागतं.

यातला सर्वांत मोठा, स्टेलरची समुद्रगाय, युरोपियनांना १७४१ मध्ये सापडली आणि १७६८ पर्यंत मारून संपवली. २७ वर्षांत. तेव्हा नक्की कोणी कोणाला बुडवलं तेही या धाग्यात नोंदवून ठेवा.

भूलतज्ज्ञ
वैद्यकातही आहे. बाळाचे दोन्ही पाय जन्मतः जुळलेले असतात त्या दुर्मिळ विकृतीला सायरेनोमेलिया म्हणतात. नाव देणाऱ्याला काव्य सुचलं, आईबापांना काय वाटत असेल. त्यावर जास्त लिहीत नाही.

बाकी ॲम्ब्युलन्सच्या सायरनबद्दल: आत बसलेल्याला तो अजिबात धीर देत नाही, एवढं व्यवसायाने सांगू शकतो.

छावणीवाली
मे २०२५च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलमध्ये इंदूरचंही नाव होतं, तेव्हा आमच्या आजीने सायरन म्हटल्याबरोबर खिडक्यांना लावायला काळा कागद शोधायला सुरुवात केली होती. तिला कोणी सांगितलंही नव्हतं. शेजारची मुलं गच्चीत रील काढत होती.

प्रश्न: मराठीत 'सायरन वाजला' का? फ्रेंचमध्ये ती बाई, मग आपल्याकडे पुरुष कसा झाला?

पोथीनिष्ठ
भोंगा पुरुष, कर्णा पुरुष, हॉर्न पुरुष; आलेला पाहुणा त्यांच्याच पंक्तीला बसला. शिटी आधी आली असती तर कदाचित 'सायरन वाजली' म्हटलं असतं. इंग्रजीतून आला तेव्हा लिंग सोबत घेऊन आलाच नव्हता.

ज्या भाषांनी दोन्ही अर्थ एकाच शब्दात ठेवले त्यांची मजा पाहा. पोलिश भाषेत 'सिरेना' म्हणजे मत्स्यकन्याही आणि भोंगाही. वॉर्सा शहराच्या चिन्हावर ढाल-तलवार घेतलेली सिरेना आहे. आणि दर १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता, १९४४च्या नाझींविरुद्धच्या उठावाच्या स्मरणार्थ, त्याच शहरात सिरेना वाजतात, गाड्या आणि माणसं जागच्या जागी थांबतात. (अवांतर: कोल्हापूरजवळ वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात हजारो पोलिश निर्वासित राहिले होते. त्यांच्या मुलांनी 'सिरेना'ला मराठी शब्द काय शिकला असेल, मला नेहमी कुतूहल वाटतं.)

आपल्याकडे तसा थांबवणारा सायरन ३० जानेवारीचा. १०:५९ ला वाजून ११ ला संपतो, मग दोन मिनिटं स्तब्धता, ११:०२ ला पुन्हा. जिथे यंत्रणा आहे तिथे.

रामबागी
आता माझा गंभीर प्रश्न, पहिल्यांदाच. मुलीचं विज्ञान प्रदर्शन आहे. तात्यांची तबकडी घरी करता येईल का?

तारांगण_तात्या
येईल, आणि खास असं काही लागत नाही. सीबेक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने केली तशी साधी तबकडी कर.

जाड पुठ्ठ्याचं वर्तुळ काप. एकात एक अशी चार वर्तुळं आख आणि त्यांवर सारख्या अंतराने भोकं पाड: आतल्यावर १२, मग १५, मग १८, बाहेर २४. टेबल फॅनची पाती काढून तिथे ही तबकडी बसव. पंखा मिनिटाला १३०० च्या आसपास फेरे घेतो असं धर, म्हणजे सेकंदाला साधारण २१.७. कोल्ड्रिंकच्या नळीने १२ च्या ओळीवर फुंक: २६० कंपनं, म्हणजे पेटीच्या पांढरी एकच्या अगदी जवळ. १५ वर ३२५, १८ वर ३९०, २४ वर ५२०. गुणोत्तर ४:५:६:८. म्हणजे सा, ग, प आणि वरचा सा! गंधार पेटीतला नाही, तंबोऱ्यात ऐकू येतो तो. इंदूर घराण्याच्या गावात एवढं तरी परीक्षकाला कळेल अशी आशा.

खरी गंमत पंखा बंद केल्यावर. वेग उतरतो तसे चारही सूर मींडीने खाली घसरतात, पण कुठल्याही क्षणी नळी फिरवलीस तरी सा-ग-प-सा तेच. सूर बदलतो, नातं बदलत नाही. आणि ती घसरण कानाला ओळखीची वाटेल: युद्धाचा सायरन थांबताना असाच उतरतो.

पत्र्याची तबकडी करू नका, सुटली तर मान कापेल. जाळी शक्य तितकी ठेवा, मुलीला चष्मा घाला.

छावणीवाली
तात्या, चार स्वर झाले. प्लेटोच्या आठही सायरन बसवायच्या तर?

तारांगण_तात्या
२४, २७, ३०, ३२, ३६, ४०, ४५, ४८. पूर्ण सप्तक आणि वरचा सा. पण मग तबकडी मोठी लागेल आणि पंख्याच्या मोटरला जड जाईल. पुठ्ठ्याऐवजी फोमशीट घ्या. भोकं मात्र पंचिंगने पाडा, कात्रीने पाडलीत तर नुसता फुसफुसाट येईल.

रामबागी
मोटर वेगळी घेऊ का? घरचा पंखा बायको देणार नाही.

मिलपोऱ्या
महाराणी रोडला जुन्या पंख्याची मोटर स्वस्तात मिळेल. मी शनिवारी तिकडेच जाणार आहे, मिक्सरची नको म्हणून सांगू ना तात्या?

तारांगण_तात्या
मिक्सरची अजिबात नको, तिचे फेरे पंख्याच्या दहापटीहून जास्त. पुठ्ठा फाटेल. पंख्याचीच आण, आणि रेग्युलेटर चालतो का ते दुकानातच बघून घे.